टीसीवरची सही

सातपूर, नाशिक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रॉकेटच्या भागांचं ॲल्युमिनियम तपासणाऱ्या लॅबमध्ये तुला नोकरी लागली, फार आनंद झाला. फोनवर तू म्हणालीस, "सर, उपग्रहाचं खरं काम इंजिनिअर करणार, मी फक्त नमुने ओढून तोडणार." त्या 'फक्त'साठी हे पत्र.

२४ फेब्रुवारी २००९ ला नासाने कॅलिफोर्नियातून ओसीओ नावाचा उपग्रह सोडला. हवेत कार्बन डायऑक्साइड कुठे किती आहे, ते तो मोजणार होता. अशा कामाला ध्रुवीय कक्षा सोयीची पडते. उपग्रह उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतो, खाली पृथ्वी फिरत राहते, म्हणून दर फेरीला नवा पट्टा नजरेखाली येतो. कक्षाही अशी निवडतात की एखाद्या जागेवरून तो दर वेळी साधारण त्याच वेळेला जावा. ऊन त्याच बाजूने आलेलं असलं की मागची मोजणी आजच्या मोजणीशी ताडून बघता येते.

उड्डाण झालं, पण उपग्रहावरचं टोपण, म्हणजे फेअरिंग, सुटलंच नाही. त्या ओझ्यामुळे कक्षेत जाण्याइतका वेग मिळाला नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात पडला. ४ मार्च २०११ ला नासाच्या 'ग्लोरी' या दुसऱ्या उपग्रहाचंही तेच झालं. दोन्ही मिळून ७० कोटी डॉलरहून जास्त पाण्यात गेले. ओसीओ-२ कक्षेत पोचला तो जुलै २०१४ मध्ये. पैसा पुन्हा उभा करता येतो. मधल्या ५ वर्षांची हवा आता कुठून आणणार?

नासाने २०१९ मध्ये कारण जाहीर केलं. टोपण मोकळं व्हायला जो सांधा तुटायला हवा, तो पुरता तुटला नव्हता. त्याचं ॲल्युमिनियम पुरवणाऱ्या कंपनीत ताण-चाचणीचे आकडे बदलून टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, दिलं जात होतं. एकदोनदा नव्हे, १९ वर्षं! हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कारण तसं मीही केलंय. उमेदीच्या काळात, एका कारखान्यात. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, चार नमुन्यांतला एक कमी भरलेला. वरचे म्हणाले, "तिघांची सरासरी टाका." मी टाकली, सही केली. माल परत आला नाही, कुणी विचारलंही नाही. पुढच्या खेपेला हात अडखळला नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो आणि ती नोकरी सोडली.

म्हणून सांगतो. कापायच्या आधी नमुन्यावर हीट नंबर, म्हणजे धातू ज्या ओतीतला त्या ओतीचा क्रमांक, पंच कर. ओढताना मशीनजवळून हलू नकोस. मधला गळा बारीक होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. तुटल्यावर दोन्ही तुकडे जुळवून लांबी मोज. आकडा आधी वहीत पेनने लिही, मर्यादा किती ते नंतर बघ. आणि जास्त भरला म्हणजे चांगलाच, असं धरू नकोस. काही भाग वेळेवर तुटण्यासाठीच बनवलेले असतात.

दिंडोरीच्या तुमच्या बागेत घड भरले की तुझे वडील रोज पावसाचा अंदाज बघतात. त्या अंदाजातही ध्रुवीय उपग्रहांनी मोजलेलं तापमान आणि बाष्प असतं.

जायच्या आधी लॅबमध्ये येऊन जा. तू तोडलेला पहिला नमुना माझ्या खणात आहे, दोन्ही तुकडे रबर लावून ठेवलेत. हीट नंबर अजून वाचता येतो.

तुझे,
सर