ते गाव नक्की आहे कुठे?

मालिकांमधल्या छोट्या गावांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं गेल्या अंकात म्हटलं होतं, आणि एवढे प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. ज्यांच्याबद्दल नीट सांगता येईल असे घेतेय.

प्रश्न : ताई, लहानपणी दूरदर्शनवर मालगुडी डेज बघायचो. आता मुलाला घेऊन मालगुडीला जायचं मनात आहे. कुणी आगुंबे म्हणतं, कुणी म्हैसूर, कुणी म्हणतं बंगळुरूमधल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या भागांची नावं जोडून मालगुडी झालं. खरं काय?

प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे आणि गोंधळ तिथेच होतो. मालिकेतल्या गावाला एकच पत्ता नसतो हो, बहुतेक वेळा तीन असतात. एक लेखकाच्या मनातलं गाव, दुसरं कॅमेरा लावला ते गाव, आणि तिसरी कथेत सांगितलेली नकाशावरची जागा. तुम्हाला यातलं कुठलं बघायचंय ते आधी ठरवा म्हणजे तिकीट कुठलं काढायचं ते कळेल.

आर. के. नारायण यांची मालगुडीवरची पहिली कादंबरी १९३५ ची. त्यांचं बरंचसं आयुष्य म्हैसूरमध्ये गेलं त्यामुळे पुस्तकातल्या शाळा, गल्ल्या, वकील, छापखानेवाले यांच्यात म्हैसूरची सावली शोधणं काही चूक नाही. पण दोन नावं जोडल्याची गोष्ट मला पटत नाही, कारण नारायण स्वतः सांगायचे की नाव सहज सुचलं आणि गावातली सगळ्यात आधी डोळ्यासमोर आलेली गोष्ट म्हणजे तिथलं रेल्वे स्टेशन. मालगुडी कुठे आहे असं लोक सतत विचारायचे, त्यावर त्यांनी लिहिलंय की ते काल्पनिक आहे, कुठल्याच नकाशावर सापडणार नाही, आणि दक्षिण भारतातलं एक छोटं गाव एवढंच सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल, कारण तिथली माणसं त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यावरसुद्धा भेटायची. मला हे उत्तर फार आवडतं, त्यात टाळाटाळ अजिबात नाही.

आता कॅमेऱ्याचं गाव. शंकर नाग यांनी मालिका केली तेव्हा शूटिंगसाठी कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातलं आगुंबे निवडलं. तिथलं जुनं मोठं घर, दोड्डमने, मालिकेत दिसतं ते आजही आहे. फक्त पावसाळ्यात जाताना विचार करा कारण आगुंबेला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग मालिकेतलं ऊन काही दिसत नाही. त्याच जिल्ह्यात अरसाळू नावाचं छोटं स्टेशन आहे, मालिकेतलं स्टेशन म्हणजे तेच, आणि तिथल्या जुन्या इमारतीत रेल्वेने मालगुडी म्युझियम केलंय. ज्या गावाची सुरुवात लेखकाच्या मनात स्टेशनापासून झाली त्याची आठवण शेवटी एका स्टेशनातच जपली गेली, म्हणून मी तर म्हणेन मुलाला आधी तिथे न्या.

प्रश्न : मर्डर शी रोट या अमेरिकन रहस्यमालिकेतलं कॅबट कोव्ह गाव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेन राज्यात दाखवलंय. मग मैत्रीण कॅलिफोर्नियात जाऊन ते बघून आली ते कसं?

मैत्रिणीचं बरोबर आहे. बाहेरची दृश्यं मेंडोसिनो या कॅलिफोर्नियातल्या गावात घेतली, आणि ते पॅसिफिकवर म्हणजे बरोब्बर उलट्या किनाऱ्यावर. मेनमध्ये सूर्य समुद्रातून वर येतो, मेंडोसिनोत समुद्रात बुडतो. मात्र निवड तशी बरोबर होती, कारण १९ व्या शतकात मेंडोसिनो वसवणाऱ्यांत न्यू इंग्लंडहून, म्हणजे मेन ज्यात येतं त्या ईशान्येकडच्या भागातून, आलेली माणसं बरीच होती आणि त्यांनी घरं आपल्या मूळ गावांच्या पद्धतीची बांधली. १९८४ ते १९९६ अशी १२ वर्षं मालिका चालली, नायिकेचं घर म्हणून दाखवलेलं घर तिथे आहे, बघता येतं.

प्रश्न : गिलमोर गर्ल्स मालिकेतलं स्टार्स हॉलो गाव खरं आहे का? मला तिथे राहायलाच जायचंय.

कॅमेऱ्याचं गाव म्हणाल तर तो वॉर्नर ब्रदर्सचा कॅलिफोर्नियात बरबँकमधला बॅकलॉट, स्टुडिओच्या आवारातला उघड्यावरचा सेट, म्हणजे पुढून घर आणि मागून लाकडी टेकू. पण मनातलं गाव खरं आहे. मालिका लिहिणाऱ्या एमी शर्मन-पॅलाडिनो कनेक्टिकटमध्ये वॉशिंग्टन डेपो नावाच्या गावाजवळच्या एका इनमध्ये, छोट्या हॉटेलात, उतरल्या होत्या, तिथली एकमेकांना ओळखणारी माणसं बघून त्यांना हे गाव सुचलं. मालिका २००० साली आली. तिथे जाल तर मालिकेतला तो चौक आणि त्यातली गझीबो, म्हणजे छोटी छत्री, तशीच्या तशी मिळणार नाही, पण ज्या मोकळेपणाने लोक बोलतात ते बघून तुम्हाला हवं ते मिळेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ट्विन पीक्स आणि नॉर्दर्न एक्सपोजर, दोन्ही एकाच ठिकाणी शूट झाल्या असं वाचलं, खरंय का?

एकच ठिकाण नाही, पण एकाच राज्यात, वॉशिंग्टनमध्ये, आणि दोन्ही १९९० सालच्या. ट्विन पीक्सचा धबधबा म्हणजे स्नोक्वाल्मी फॉल्स, ८२ मीटर उंच, त्याच्या वरचं हॉटेल म्हणजे तिथला खराखुरा लॉज, आणि जिथे पाय (भरलेला गोड केकसारखा पदार्थ) आणि कॉफी मिळते ते डायनर, म्हणजे छोटं हॉटेल, शेजारच्या नॉर्थ बेंडमध्ये. त्या डायनरला २००० साली आग लागली, नंतर आतलं रूप पार बदललं, आणि २०१७ चा सीझन करायचा होता तेव्हा ते पुन्हा जुन्यासारखं केलं. मालिकेत ट्विन पीक्स गावाच्या पाटीवरची लोकसंख्या ५१,२०१ वाचून बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की एवढ्या मोठ्या गावात सगळे सगळ्यांना कसे ओळखतात. मूळ कल्पना साधारण पाच हजारांच्या गावाची होती, पण चॅनेलला वाटलं इतकं लहान गाव शहरातले प्रेक्षक बघणार नाहीत, म्हणून आकडा वाढला आणि गाव मात्र लहानच राहिलं.

नॉर्दर्न एक्सपोजरचं सिसिली कथेत अलास्कात आहे आणि अलास्कातल्या टल्कीटना गावाचं नाव त्याच्याशी नेहमी जोडलं जातं, पण दिसतं ते सिएटलपासून साधारण १३० किलोमीटरवरचं रॉस्लिन, कोळसा खाणीचं जुनं गाव. तिथली एक गोष्ट मला सांगायचीच आहे. गावात रॉस्लिन कॅफे असं लिहिलेलं भिंतीवरचं चित्र होतं. आता गाव तर सिसिली दाखवायचं, मग भिंतीवर दुसऱ्याच गावाचं नाव कसं चालेल? तर त्यांनी चित्र पुसलं नाही, नुसती षष्ठी लावली, रॉस्लिनचा कॅफे, आणि रॉस्लिन ही गाव वसवणाऱ्या दोन बायकांपैकी एक असं कथेत धरलं, दुसरी सिसिली. एका अक्षरात अख्ख्या गावाचा इतिहास बदलला! ब्रिक नावाचा बार तर मालिकेतही त्याच नावाने आहे, आणि मालिकेतल्या रेडिओ स्टेशनची काचेची खिडकी गावाने अजून ठेवलीय.

प्रश्न : मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी लोक तिथे जातात, त्यात त्या गावाला काय मिळतं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माउंट एअरी. नॉर्थ कॅरोलिनातलं हे गाव, अभिनेते अँडी ग्रिफिथ १९२६ साली तिथे जन्मले. त्यांचा द अँडी ग्रिफिथ शो १९६० ते १९६८ चालला, त्यातल्या गावाचं नाव मेबेरी, आणि शूटिंग सगळं कॅलिफोर्नियात, म्हणजे माउंट एअरीत कॅमेरा आलाच नाही. ग्रिफिथ कित्येक वर्षं म्हणत राहिले की मेबेरी म्हणजे माउंट एअरी नव्हे. पण मालिकेत शेजारचं मोठं गाव माउंट पायलट, आणि खऱ्या गावाजवळ पायलट माउंटन आहे, तिथलं स्नॅपी लंच एका भागात नावानिशी येतं, आता लोकांनी काय समजायचं?

या गावात मोज्यांचे, कपड्यांचे कारखाने होते, ते एकेक करत बंद पडले, हातची कामं गेली. त्या काळात मेबेरीने गावाला हात दिला. १९९० पासून दर सप्टेंबरात मेबेरी डेज होतात, जुन्या पोलीस गाडीतून गाव दाखवतात, न्हाव्याच्या दुकानाला मालिकेतल्या न्हाव्याचं नाव आहे. काहींना हे खोटं, बाजारू वाटतं, मला नाही वाटत. कारण मालिकेत थेल्मा लू झालेल्या बेटी लिन २००७ साली लॉस एंजेलिस सोडून खरोखर तिथे राहायला गेल्या, शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, २०२१ मध्ये गेल्या. म्युझियममध्ये बसून लोकांना भेटायच्या, सह्या द्यायच्या. जिथे कधी एक शॉटसुद्धा दिला नव्हता ते गाव त्यांना घरासारखं वाटलं, मग त्याला खोटं कसं म्हणायचं?

प्रश्न : सिम्पसन्स या कार्टून मालिकेतलं स्प्रिंगफील्ड कुठल्या राज्यातलं?

मालिकेत मुद्दाम कधीच सांगत नाहीत. मालिकेचे जनक मॅट ग्रोनिंग यांनी २०१२ मध्ये सांगितलं की नाव ऑरेगनमधल्या स्प्रिंगफील्डवरून घेतलं, पण खरी खूण पोर्टलंडमध्ये आहे, ते तिथे वाढले आणि फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी ही मालिकेतल्या पात्रांची नावं म्हणजे तिथल्या रस्त्यांची नावं आहेत.

प्रश्न : पंचायतमधलं फुलेरा बघायचंय. फुलेरा स्टेशन सापडलं, तिकीट काढू का?

थांबा, नका काढू! ते फुलेरा जंक्शन राजस्थानात जयपूरजवळ आहे, मालिकेशी त्याचा संबंध नाही. कथेतलं फुलेरा उत्तर प्रदेशात बलिया जिल्ह्यात, आणि तुम्ही पडद्यावर बघता ते मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातलं महोडिया गाव. भोपाळला उतरा, तिथून सिहोर जवळ आहे. आणि ती खऱ्या लोकांची राहती घरं आहेत तेव्हा आत डोकावण्याआधी विचारा, फोटो काढण्याआधीसुद्धा.