कंपनीच्या ॲपवर पोस्टसोबत फोटो कसा टाकायचा? साहेब म्हणतात, पसारा करू नका, लिहून कळवा.

फोटो जोडायला तुम्हाला कुणाची शिकवणी लागणार नाही. मी लिहायला बसलोय ते तुमच्या साहेबांच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, ऐकलंय आणि ते केवढ्याला पडलं तेही बघितलंय.

मी तिथे क्वालिटीत होतो. अर्धी माणसं येळ्ळूर-कंग्राळीची मराठी, अर्धी बैलहोंगल-गोकाककडची कन्नड. आपसात बोलायला कुणाचं काही अडत नव्हतं, चहाच्या टपरीवर दोन्ही भाषा एकाच वाक्यात चालायच्या. ॲपवर मात्र इंग्रजीतच लिहायचं, असा दंडक. म्हणजे ज्याच्या हातातून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, जातं तो गप्प, आणि केबिनमध्ये बसणारा लिहिणार.

एका रात्रपाळीला फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करणाऱ्या विभागातल्या, एका मामांनी ग्रुपवर पंप बॉडीचा फोटो टाकला. बोअरच्या, म्हणजे मधल्या गोल पोकळीच्या, कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं, शेजारी धरलेली स्टीलची पट्टी, वर खडूने लिहिलेला हीट नंबर, म्हणजे धातूच्या कुठल्या वितळवणीतला तो नंबर. खाली एवढंच: ‘इद नोड्री सर.’ हे बघा सर. भोक कुठे, केवढं, कुठल्या हीटचं, सगळं त्यात होतं. इतका नेमका रिपोर्ट मी इंजिनियरांकडूनही क्वचित बघितलाय. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली किंवा गॅसला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की अशी ब्लोहोल पडतात, हे फाउंड्रीत पोरासोरांनाही माहीत असतं. तो फोटो बघून त्याच सकाळी वाळू तपासायला हवी होती.

झालं काय, तर प्रॉडक्शनच्या साहेबांनी ‘रीतसर रिपोर्ट लिहा’ म्हणून फोटो काढून टाकायला लावला. मामांनी काढला. रिपोर्ट अर्थातच कुणी लिहिला नाही.

लॉट पुण्याला गेला. मशिनिंगमध्ये वरचा थर निघाल्यावर आतली भोकं उघडी पडली. माल परत, वर गिऱ्हाइकाची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ‘फेटलिंगकडून लेखी काही आलंच नव्हतं.’ मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आलं होतं, तुम्ही पुसायला लावलंत.’ तो वाद अजून मिटलेला नाही. आजही भेटले की त्यांचं एकच, शिस्त पाहिजे. अहो, पट्टी लावून, हीट नंबर घालून काढलेला फोटो ही शिस्त नाही तर काय आहे? ज्याला इंग्रजी येत नाही त्याची नजर काय कमी असते?

आता तुमचं. तुमचं ॲप मायक्रोसॉफ्ट टीम्स असेल, तर फोटो कॉपी करून पोस्टमध्येच पेस्ट केला की वाचणाऱ्याला मजकुरासोबत दिसतो. चॅनेलमध्ये फाईल म्हणून जोडलात तर तो शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच फाईल साठवायच्या जागेत, साठतो, नंतर शोधायला ते बरं. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवणार असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक भोकं नेमकी पुसट होतात. स्लॅक फुकटात वापरत असाल तर 90 दिवसांपूर्वीचे फोटो दिसेनासे होतात आणि वर्षानंतर पुसलेच जातात, तेव्हा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. फोटोखाली एक ओळ लिहाच, मराठीत, कन्नडमध्ये, जी येईल त्या भाषेत. नुसते दहा फोटो ओतणाऱ्यांवर साहेब चिडत असतील तर तिथे त्यांचं बरोबर आहे.

एक राहिलं. मागे गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा कुणाचा चेहरा येत नाही ना, ते बघून घ्या. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत काढल्याची जागाही नोंदलेली असू शकते, तेव्हा बाहेरच्या माणसाला तो पाठवताना जपून. आणि साहेबांनी टाकलेला फोटो काढून टाकायला सांगितलं, तर का काढून टाकायचा ते त्याच पोस्टखाली लेखी मागा.