आधी दाखव, मग विचार

तुझं पत्र वाचलं. फोटो वापरायच्या संमतीच्या अर्जावर त्या बाईचा अंगठा आहे, दुभाष्याची साक्ष आहे, तरी तिचा फोटो मदत वाटणाऱ्या संस्थेला पाठवायला हात धजत नाही. मग पाठवू नकोस. तिनं अंगठा दिला तेव्हा फोटो काढलेलाच नव्हता. न पाहिलेल्या फोटोला होकार कसला? तुला नाही म्हणणं तिला जमलं नाही, एवढंच.

शरबत गुला या अफगाण मुलीचा फोटो 1984 मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढला गेला. 1985 च्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. जगानं पाहिला. तिला तो बघायला मिळाला 2002 मध्ये, आणि तिचं नावही जगाला तेव्हाच कळलं.

म्हणून यापुढे आधी दाखव. कॅमेरा ट्रायपॉडवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला लाव आणि केबल रिलीज, म्हणजे वायरीच्या टोकाचं फोटो काढायचं बटण, तिच्या हातात दे. क्षण तिनं निवडायचा. फोटोत वायर दिसली तर दिसू दे, क्रॉप करू नकोस. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर उन्हात धड काही दिसत नाही, माणसं उगाच मान डोलावतात. सावलीत बसून टॅबलेटवर दाखव, तेही दहा-बारा फ्रेम. दोनशे दाखवल्यास तर कंटाळून कशालाही हो म्हणेल. नको म्हटलेली फ्रेम तिच्यासमोर डिलीट कर. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतील तर दोन्हींवरून. दुसरं कार्ड हमखास राहून जातं.

अर्ज यानंतर. वार्षिक अहवाल, देणग्यांची जाहिरात, सोशल मीडिया, प्रत्येकासाठी वेगळी खूण. वापराची मुदत लिही. पुढे मन बदललं तर कळवायचा फोन नंबर तिच्याजवळच्या प्रतीवर हवा. तुझ्या फाइलमध्ये असून काय उपयोग? आणि हे धान्यवाटपाच्या रांगेत तर मुळीच नको. नाही म्हटलं तर नाव कापतील, ही धास्ती असेपर्यंत तिचा होकार धरायचाच नाही. वाटप करणाराच दुभाषी असला तरी तेच. मूल असेल तर पालकांना विचार आणि मुलालाही. मूल अवघडलं की कॅमेरा बंद.

अशानं फोटोतला जिवंतपणा जातो, असं तुझे वरिष्ठ म्हणतील. मलाही हेकट म्हणतात. म्हणोत बापडे! तिच्या नकळत मिळणारा जिवंतपणा मला नकोच आहे.

आता तुझ्या फोटोचं. त्या दिवशीच्या सगळ्या फ्रेमचे प्रिंट काढ आणि परत जा. तिनं दुसरी निवडली तर तीच पाठव. सगळ्या नाकारल्या तर फोटो नाही, असं संस्थेला सरळ कळव. आणि या वेळी दुभाषी बदल.