ठिगळं लावायची नोकरी

प्रश्न: भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये तेहतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो. मुलगी दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची बी.ई. झाली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत डेटाबेस सर्व्हरना सिक्युरिटी पॅच लावायचं काम करते. महिन्यातले दोन शनिवार रात्रभर जागते. मैत्रिणी ॲप बनवतात, एआय करतात. मी डिक्शनरी उघडली, तर पॅच म्हणजे ठिगळ! इंजिनिअर होऊन ठिगळंच लावायची का? पुतण्या म्हणतो, नोकरी सोडून सहा महिन्यांचा कोर्स करू दे. पुढे स्थळं बघायची आहेत, त्यांना तरी काय सांगायचं? – एक वडील, निगडी

काका, नमस्कार.

‘ठिगळ’ वाचून हसू आलं, पण शब्द चुकीचा नाही. मला एक सांगा, भोसरीत गुरुवारी तुम्ही काय करायचात? गुरुवार म्हणजे तिकडची आठवडी सुट्टी. लाइट गेलेले, मशीन बंद, बाकीचे घरी आणि मेंटेनन्सवाले आत. बेअरिंग बदला, गळती काढा, सील तपासा, आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मशीन सुरू झालं पाहिजे. झालं, तर तुमचं नावही कुणी काढायचं नाही. नाही झालं, तर मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे तुम्हालाच शोधायचे. लेकीचं काम हेच आहे. गंमत म्हणजे वारसुद्धा जुळतो. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे, त्याच्या नेहमीच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. ओरॅकल या कंपनीच्या डेटाबेसच्या दर तिमाहीला, मंगळवारी. मायक्रोसॉफ्टच्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आणि आपल्याकडे तोवर जेवणं उरकून लोक झोपायला निघालेले असतात.

फरक एवढाच की तुमची गळती कारखान्याबाहेर कुणाला कळत नव्हती. इथे दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं ते चोरालाही कळतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० या डेटाबेसमधल्या एका भोकाची दुरुस्ती जुलै २००२ मध्ये आली होती. पुष्कळांनी ती लावली नाही. २५ जानेवारी २००३ ला, शनिवारी, ‘स्लॅमर’ नावाचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, त्याच भोकातून आत शिरला. अवघा ३७६ बाइटचा. तेवढ्या जागेत मराठीच्या दोन-तीन ओळी मावतील. सुमारे ७५ हजार मशीन त्याने धरली, त्यातली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची एटीएम बंद पडली. औषध सहा महिने फडताळात पडून होतं.

काम गरजेचं आहे, हे एवढ्यावरून पटेल. पण गरजेच्या कामात करिअर होतंच असं नाही. झाडू मारणंही गरजेचं आहे, त्याचे पैसे किती मिळतात ते आपण बघतोच. म्हणून तुमची शंका मी उडवून लावत नाही. फक्त ती पॅचवर घेण्याऐवजी तुमची मुलगी त्या पॅचचं नेमकं काय करते, यावर घ्या.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. ९ मे २०२४ च्या गुरुवारी पोस्टग्रेसची १६.३ ही आवृत्ती आली. तिच्यात एक सुरक्षेची दुरुस्ती होती: साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या टेबलांविषयी सर्व्हरने साठवलेली काही आकडेवारी, अगदी टेबलात वारंवार येणाऱ्या मूल्यांसकट, दिसू शकत होती. पोस्टग्रेसचा छोटा पॅच लावणं सोपं असतं. सर्व्हर बंद करा, नवे प्रोग्रॅम टाका, चालू करा. डेटा हलवावा लागत नाही. समजा एखाद्याने तसं केलं. सर्व्हर उठला, आवृत्ती १६.३ दिसली, एक्सेलमध्ये हिरवा रंग भरला, तिकीट (म्हणजे कामाची नोंद) बंद, पहाटे चारला झोप. भोक मात्र उघडंच! कारण ती दुरुस्ती फक्त नव्याने उभारलेल्या सर्व्हरवर आपोआप लागू होत होती. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक डेटाबेसमध्ये शिरून एक वेगळी स्क्रिप्ट चालवायची होती, आणि टेम्प्लेट-झीरो नावाच्या ज्या साच्याकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही, त्यातही. नाहीतर पुढे त्या साच्यातून निघणारा डेटाबेस भोक घेऊनच जन्माला येणार. हे सगळं रिलीज नोट्समध्ये, म्हणजे आवृत्तीसोबत येणाऱ्या माहितीत, लिहिलेलं होतं. त्या वाचल्या कुणी, हा प्रश्न आहे.

याच्या उलटही होतं. २०१२ च्या जूनमध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांतलं एक भोक जाहीर झालं. पासवर्ड जुळतो का हे बघणारं फंक्शन एक आकडा परत द्यायचं. शून्य म्हणजे जुळला. तो आकडा मोठा असू शकत होता, पण पुढचा कोड त्याचा शेवटचा एकच बाइट ठेवायचा. तो बाइट योगायोगाने शून्य आला की चुकीचा पासवर्डही बरोबर ठरायचा. साधारण २५६ वेळांत एकदा. वापरकर्त्याचं नाव माहीत असलं की कुठलाही पासवर्ड पुन्हा पुन्हा मारत बसायचं, दार एकदा उघडणारच. पण ते प्रत्येक मशीनवर उघडत नव्हतं! सॉफ्टवेअर कुठल्या लिनक्सवर, कुठल्या पद्धतीने बांधलंय यावर सगळं होतं. एकच आवृत्ती, एका सर्व्हरवर दार उघडं, शेजारच्यावर बंद. शंभर सर्व्हर हाताखाली असताना आज रात्री कुठले आठ थांबवायचे आणि कुठले पुढच्या आठवड्यावर टाकले तरी चालतील, हे ठरवणाऱ्याला कंपन्या पैसे देतात. नुसतं बटण दाबणाऱ्याला फार दिवस देणार नाहीत. क्लाउडवरच्या डेटाबेस सेवांमध्ये छोटे पॅच ठरलेल्या वेळेला आपोआप लागतातच.

मी स्वतः सल्ला द्यायच्या या व्यवसायात येण्यापूर्वी नऊ वर्षं सपोर्टमध्ये होते. एका कंपनीत, नाव राहू द्या, आमच्या वरिष्ठांनी शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट सर्व्हरवर न बघता थेट चालू सर्व्हरवर पॅच लावायला सांगितला. मी ‘हो’ म्हटलं. सोमवारी पगाराच्या स्लिपा निघेनात. मागे कसं यायचं ते लिहून ठेवलेलं नव्हतं आणि बॅकअप होता, पण तो परत चढवून कधी कुणी पाहिलाच नव्हता. तीन दिवस आम्ही ऑफिसातच राहिलो. तेव्हापासून कुणी बॅकअप ‘आहे’ म्हणालं की मी विचारते, शेवटचा रिस्टोअर कधी केला?

तर लेकीने काय करावं. नोकरी सोडू नये, निदान आत्ता नाही. पुतण्या बहुतेक सी-डॅक या सरकारी संस्थेचा इन्फ्रास्ट्रक्चर आणि सिक्युरिटीचा डिप्लोमा म्हणत असेल. कोर्स चांगला आहे, पण तो प्रामुख्याने या क्षेत्रात शिरण्यासाठी. ती आत शिरलेलीच आहे, आणि चालू सर्व्हरवर हात बसायची जी संधी तिला मिळतेय ती कुठल्या वर्गात मिळत नाही. तिने दोन वर्षांत एका डेटाबेसमध्ये खोल जावं. माझं मत पोस्टग्रेस, कारण त्याचा कोड उघडा आहे: पॅच आला की नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या ते घरी बसून वाचता येतं. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर अडखळेल, अडखळू द्या. सोबत पायथन ही भाषा किंवा अन्सिबल हे सर्व्हरची कामं आपोआप करणारं साधन शिकून स्वतःचं हमाली काम स्क्रिप्टवर टाकावं. आणि पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीसारख्या कंपनीचं ऑफिस पुण्यातच आहे, हे तिला माहीत असेलच. एआयवाल्या मैत्रिणींचा डेटाही कुठल्यातरी डेटाबेसातच बसतो, तेव्हा त्या काळजीत मी फार वेळ घालवणार नाही.

मागणीचं म्हणाल तर, सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हलगर्जी केल्याबद्दल अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे ‘हा पॅच का राहिला’ हा प्रश्न आता संचालकांच्या टेबलापर्यंत जातो.

रात्रीबद्दल मात्र तुमच्या बाजूने बोलते. महिन्याला दोन शनिवार हे या कामात ठीक आहे, पण त्याची बदली सुट्टी मिळते का, ते बघा. ऑफिसला जावं लागत असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायला तिची संमती लागते, आणि सुरक्षा व वाहन ही मालकाची जबाबदारी. हे तिने एचआरला विचारावं. तुम्ही फोन करू नका.

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारनंतर तिला एकदा चहाला समोर बसवा. या वेळच्या पॅचमध्ये काय होतं, कुठला सर्व्हर आधी घेतलास आणि का, बिघडलं असतं तर मागे कशी आली असतीस, एवढं विचारा. तुम्हाला कळेल अशा भाषेत तिने सांगितलं, तर तिला तिथेच राहू द्या. ‘सरांनी यादी दिली, मी लावले’ असं म्हणाली, तर तिने आधी मॅनेजरकडे दुसरं काम मागावं, आणि सहा महिन्यांत मिळालं नाही तर कंपनी बदलावी, क्षेत्र नव्हे.

स्थळांचं माझ्या कक्षेबाहेरचं आहे. ‘डेटाबेस सांभाळते’ म्हणा. बँकेत आहे असं समजले, तर समजू द्या.