फ्री थ्रोआधीचे पाच सेकंद

अरे, बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट, घेताना तुझा हात चांगला आहे, नडते ती घाई. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमानुसार रेफरीने चेंडू दिल्यापासून 5 सेकंद मिळतात, अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये 10. तेवढ्यात आरामात बसेल असा एकच क्रम ठरव: पाय लावायचे, दोन टप्पे, श्वास सोडायचा, नजर रिंगवर आणि लगेच शॉट. नजर लावल्यावर रेंगाळू नकोस, शंका तिथेच शिरते आणि गुडघे ताठरतात. एनबीएत खेळलेला स्टीव्ह नॅश तर चेंडू हातात येण्याआधी रिकाम्या हातांनी शॉटची नक्कल करायचा. कारकिर्दीत त्याचे 90 टक्के फ्री थ्रो पडले. मला ही सवय फार आवडते, करून बघ. आणि सराव दमल्यावरच कर: कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायच्या, आल्या आल्या दोन थ्रो, पुन्हा पळायचं.