पोरगी म्हणते कॉम्प्युटर विष ओळखतो, मग आमच्या पंपातलं ओळखेल का?

प्रश्न: पोरगी संभाजीनगरला एम.एस्सी. केमिस्ट्री करते. दिवाळीला आली तर लॅपटॉपवर दाखवत होती, रेणूची आकृती टाकली की ते किती विषारी ते कॉम्प्युटरच सांगतो म्हणे. आमचे मालक कपाशीवर दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवून मारतात, दुकानदार सांगतो तसं. यंदा फवारून आले अन् रात्रभर डोकं धरून उलट्या करत होते. कालवलेलं चालतं का हे त्या कॉम्प्युटरला विचारता येईल का?
– एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर: ताई, पोरगी म्हणते ते खरंय, पण ते अजून तुमच्या पंपापर्यंत पोचलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण स्क्रीनवर हिरवी खूण दिसली म्हणून कुणी बिनधास्त कालवायला लागलं तर जीवावर बेतेल.

ज्या रसायनांची तपासणी आधीच झालीय त्यांची माहिती कॉम्प्युटरला दिलेली असते, मग नवा रेणू आला की तो बघतो याचा कुठला तुकडा कुणासारखा आहे, पाण्यात विरघळतो की चरबीत, आणि त्यावरनं अंदाज बांधतो. हे गणित १९६० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ कॉर्विन हान्श यांनी मांडलं, आता तर अमेरिकेतल्या टॉक्स२१ प्रकल्पात सुमारे १०,००० रसायनं पेशींवर तपासून झालीत. औषध कंपन्यांना याचा लई उपयोग, कुठला रेणू आधीच बाद करायचा ते कळतं.

पण तो बघतो एकटा, स्वच्छ रेणू. मॅलॅथिऑन या फॉस्फरसच्या गटातल्या कीटकनाशकाचंच घ्या, किड्याच्या अंगात गेलं की त्याचं मॅलॅऑक्सॉन होतं, ते खरं जहाल, मज्जातंतूंचं काम ज्या एन्झाइमवर चालतं तेच ते अडवतं. आपलं लिव्हर मॅलॅथिऑन पटापट तोडून टाकतं म्हणून माणूस बऱ्यापैकी तगतो. पण जोडीला ईपीएन नावाचं त्याच गटातलं औषध गेलं तर ते ही तोडायची सोयच बंद पाडतं, आणि मग दोन विषांची नुसती बेरीज होत नाही, त्याच्या कितीतरी वर चढतं, हे १९५७ सालीच प्राण्यांवर दिसलं होतं. आणि १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरियासाठी मॅलॅथिऑन फवारणारे सुमारे २,८०० कामगार आजारी पडले, काही गेले, कारण साठवणुकीत त्या औषधात आयसोमॅलॅथिऑन नावाचं जास्त घातक रसायन तयार झालं होतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडात मागच्या वर्षीचा अर्धा डबा तसाच तापत पडलेला असतो, त्याच्या आत काय झालंय हे आकृती बघून कसं कळणार!

मालकांचं मात्र हलक्यात घेऊ नका. फवारणीनंतर पुन्हा उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्याची बाहुली बारीक झालेली असं काही दिसलं तर लगेच अंगावरचे कपडे काढून साबणानं अंघोळ घाला अन् दवाखान्यात न्या, सोबत औषधाची बाटली न्याच, या गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन असतं पण डॉक्टरला आधी गट कळायला हवा. आणि लेबलवर ज्या मिश्रणाची शिफारस नाही ते कालवायचंच नाही, दुकानदार काहीही म्हणो, शंका असली तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पोरीच्या केमिस्ट्रीचा उपयोग मात्र आजच होईल. औषधाचे सगळे डबे घराबाहेरच्या ओट्यावर मांडा, लेबलवर लाल त्रिकोण असलेले, म्हणजे सगळ्यात जहाल, ते वेगळे काढा, अन् एकेकाच्या लेबलवरचा घटक तिला वाचायला लावा, फॉस्फरसच्या एकाच गटातले दोन डबे निघतात का तेवढं ती पाच मिनिटांत सांगेल.