देवळासाठी देवराई तोडायची का?

प्रश्न: आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. मुंबई मंडळाने वर्गणी जमवली, आता सभामंडप आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून देवराईतले, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातले, दोन बेहडे नि एक आंबा तोडायचं चाललंय. माझी आजी राईतली सुकी काटकीसुद्धा घरी आणू द्यायची नाही. मी बोलले तर म्हणतात ही अंधश्रद्धा, बदल्यात शंभर रोपं लावू की! काय सांगू?
- एक वाचक भगिनी, संगमेश्वर तालुका

उत्तर: ताई, पत्र वाचून जीव कासावीस झाला. रोपं जरूर लावा, पण जुन्या बेहड्याला वरती ढोली असते ना, धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला त्यातच जाऊन बसते, आतून तोंड लिंपून घेते, चोच निघेल एवढीच फट ठेवते आणि नर महिनोन् महिने त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. एवढी ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं हो, ती शंभर रोपांत कुठून मिळणार? आणि हाच पक्षी फळं खाऊन बिया लांबवर टाकतो, म्हणजे पुढचं रानही तोच पेरतो.

आजीचा नियम मला तर फार शहाणपणाचा वाटतो. काटकी उचलली नाही म्हणून पाला-लाकूड तिथेच कुजलं, माती भुसभुशीत राहिली, पाऊस मुरला. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडले, तेव्हा आजूबाजूचं रान उघडं पडलेलं असूनही राईत जुनी झाडं आणि गारंबीसारख्या अजस्र वेली टिकून होत्या. वनखात्याच्या कुंपणाने नाही, गावाने कोयती लावली नाही म्हणून.

आता कामाचं. आधी राईचा सात-बारा काढा, कोकणात काही राया सरकारच्या नावावर निघतात, मग गावकीला परस्पर तोडताच येत नाही. खाजगी निघाली तरी आंब्याला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. बेहडा त्या कायद्यातल्या झाडांच्या यादीत नाही, म्हणून त्याच्यासाठी माणसांशीच बोलावं लागेल. कुणी म्हणेल देवालाच कौल लावून विचारा, मला ते पटत नाही, उलटा पडला तर तुम्हाला बोलायला तोंड उरणार नाही.

आणि मुंबईकरांशी भांडू नका, तेही गावाच्या मायेनेच पैसे देतायत. मंडप उघड्या बाजूला सरकवता येईल का, गाड्या खाली रस्त्यालाच लावता येतील का, हे गवंड्याला घेऊन त्यांना जागेवर दाखवा. मे महिन्यात सगळे येतीलच, तेव्हा बैठक त्या बेहड्याखालीच घ्या, भर दुपारी.